खुर्ची कोण चालवतंय? लहान मुलं, सेरेब्रल पाल्सी आणि व्हीलचेअरची गोष्ट

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलाय पण आकडे डोळ्यांनी बघायचेत त्यांच्यासाठीही.

सुरुवात आकड्यानेच करते. दक्षिण स्वीडनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं एक रजिस्टर आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं, मूळ हेतू अगदी व्यवहारी होता: या मुलांचे खुबे हळूहळू निखळतात, ते वेळेत लक्षात यावं. पण रजिस्टर एकदा नीट ठेवलं की त्यातून न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं निघतात. २०१० मध्ये एलिसाबेट रोदबी-बूस्के आणि गुन्नार हेग्लुंड या दोघांनी त्यातून एक साधी गोष्ट मोजली. ३ ते १८ वर्षांची ५६२ मुलं. त्यातली किती व्हीलचेअर वापरतात, आणि वापरतात म्हणजे नक्की काय करतात?

घराबाहेर व्हीलचेअर वापरणारी मुलं निघाली २२८. त्यातल्या १६२ मुलांना मागून कुणीतरी ढकलत होतं. म्हणजे खुर्ची त्यांची, चाकं त्यांची, पण कुठे जायचं हे मागचा माणूस ठरवणार. मग त्यांनी हाताने चालवायची खुर्ची आणि बॅटरीवरची खुर्ची वेगळी करून बघितली. हाताच्या खुर्चीतल्या ८६ टक्के मुलांना मोठ्या माणसाची मदत लागत होती. आणि बॅटरीच्या खुर्चीतली ८६ टक्के मुलं स्वतःची स्वतः फिरत होती. आकडा तोच, अर्थ बरोब्बर उलटा.

आणि हे स्वीडनमध्ये हं! जिथे फुटपाथ आहेत, रॅम्प आहेत, आणि खुर्चीचा खर्च बहुतेक सरकार करतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बॅटरीची खुर्ची लवकर द्यायची, विषय संपला. हे सुचायला, सुचल्यावर पटायला आणि पटल्यावर करून बघायला जगाला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती शंभर वर्षं म्हणजे आजचा भाग.

आधी आजाराचं नाव. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूची वाढ होत असताना, जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच, मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला झालेली इजा. इजा वाढत नाही, पण जातही नाही. कुणाचे स्नायू ताठ होतात, कुणाचे हातपाय मनाविरुद्ध वळवळतात, कुणाला तोल सावरत नाही. बुद्धीचं म्हणाल तर ते प्रत्येक मुलाचं वेगळं. शरीराकडे बघून बुद्धीचा अंदाज बांधणं हा या इतिहासातला सगळ्यात जुना घोटाळा आहे.

याचं पहिलं नीट वर्णन केलं लंडनच्या विल्यम जॉन लिटल या सर्जनने. हा माणूस स्वतः लहानपणी पोलिओसारख्या आजारातून गेलेला, एक पाऊल वाकडं राहिलेलं. १८३६ मध्ये तो जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाऊन श्ट्रोमायर नावाच्या सर्जनकडून पायाची शीर सोडवून आला, पाय सुधारला, आणि मग त्याने तीच विद्या इंग्लंडमध्ये आणली. १८६१ मध्ये त्याने बाळंतपणातल्या अडचणी आणि मुलांच्या ताठ हातापायांचा संबंध मांडला. पुढे कित्येक वर्षं या आजाराला 'लिटलचा आजार' म्हणायचे. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लरने यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर एका तरुण मेंदूतज्ज्ञाने लिटलला उलटा प्रश्न केला: बाळंतपण अवघड झालं म्हणून मूल असं झालं, की मुलात आधीच काही बिघडलं होतं म्हणून बाळंतपण अवघड झालं? हा तरुण म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच. स्वप्नांकडे वळायच्या आधी तो लहान मुलांच्या पक्षाघातावरचा जाणकार होता.

तिघेही हुशार. पण तिघांचं लक्ष एकाच दिशेला: हे झालं कशामुळे? मूल या खोलीतून त्या खोलीत कसं जाणार, हा प्रश्न डॉक्टरांच्या वहीत नव्हता. ते काम आईच्या कडेचं.

आता खुर्चीकडे वळू. १६५५ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी होता. लहानपणापासून पायांनी अधू. त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. पुढच्या चाकाला दात्यांची चक्रं, ती हाताने दांडा फिरवून चालवायची. आपल्याकडे हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकली दिसतात ना, त्यांचा हा पणजोबा. मला यातली गंमत अशी वाटते की स्वतः चालवायच्या गाडीची ही एवढी जुनी कल्पना एका अपंग माणसाने स्वतःसाठी काढली. आणि धडधाकट लोकांनी अपंगांसाठी काढलेल्या गाड्या बघा. १७८३ मध्ये इंग्लंडच्या बाथ शहरात जॉन डॉसनने 'बाथ चेअर' काढली. बसणाऱ्याच्या हातात दिशा बदलायचा दांडा, पण गाडी ओढणार किंवा ढकलणार दुसराच. शंभर-सव्वाशे वर्षं हीच चालली.

आज आपण ज्या आकाराला व्हीलचेअर म्हणतो, ती घडी होणारी, लोखंडी नळ्यांची, खाली फुलीसारखा सांगाडा असलेली खुर्ची १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत आली. हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात पाठीच्या कण्याला मार लागून अपंग झाला होता, हॅरी जेनिंग्ज त्याचा इंजिनिअर मित्र. दोघांनी मोटारीत मावेल अशी खुर्ची बनवली. खुर्ची उत्तम होती. पण ती कुणासाठी होती ते बघा: पाय गेलेला, पण खांदे आणि हात मजबूत असलेला मोठा माणूस. चाकाबाहेरची कडी दोन्ही हातांनी, सारख्या जोराने, एकाच वेळी पुढे लोटायची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला जे जमत नाही, नेमकं तेच. एक हात ताठ असेल तर खुर्ची गोल फिरते. त्यात लहान मुलाला 'पुढे मोठा झाला की होईल' म्हणून दोन साइझ मोठी खुर्ची दिली तर त्याची कोपरं काखेच्या वर जातात आणि बोटं कडीपर्यंत पोचतच नाहीत. स्वीडनमधले ते ८६ टक्के इथे आधीच लिहून ठेवलेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हातही गेलेले सैनिक परत आले, तेव्हा जुनी खुर्ची पुरेना. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या जॉर्ज क्लाइन या इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅटरीची खुर्ची तयार केली, एका छोट्या दांड्याने चालणारी. आज आपण त्याला जॉयस्टिक म्हणतो. म्हणजे ज्याचे हात चालत नाहीत त्यानेही स्वतः फिरावं, हे यंत्र सत्तर वर्षांपूर्वीच हातात होतं. मग ते दोन वर्षांच्या मुलापर्यंत का आलं नाही?

एक कारण पैसा, एक कारण वजन. पण सगळ्यात मोठं कारण भीती. आणि भीती अशी: खुर्ची दिली की मूल चालायचं सोडून देईल.

या भीतीला हसू नका. त्या काळात सेरेब्रल पाल्सीवर जे उपचार उभे राहिले, त्या सगळ्यांचा जीव 'चालणं' या एका शब्दात अडकला होता. अमेरिकेत विंथ्रॉप फेल्प्सचे कॅलिपर आणि व्यायाम. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्याची पद्धत, मुलाच्या चुकीच्या हालचाली आवरून बरोबर हालचाल शिकवायची. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतोची संस्था, जिथे मुलं दिवसभर गटात शिकायची आणि व्हीलचेअरपासून दूर राहणं हाच यशाचा पुरावा असायचा. १९८६ मध्ये बीबीसीने पेतोच्या संस्थेत गेलेल्या एका ब्रिटिश मुलावर माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमधून आईबाप मुलांना घेऊन हंगेरीकडे निघाले. कर्ज काढून, वर्गणी काढून. तीन वर्षांनी माइक ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने यावर झणझणीत लेख लिहिला. ऑलिव्हर स्वतः व्हीलचेअर वापरायचा. त्याचा मुद्दा साधारण असा: चालणं म्हणजेच माणूस होणं, हे कुणी ठरवलं? आणि त्यासाठी एका मुलाचं अख्खं बालपण का खर्ची घालायचं?

मला ऑलिव्हरचं म्हणणं पटतं. पण विमानात बसलेल्या त्या आईबापांना मी मूर्ख म्हणणार नाही. कुठलं मूल किती चालेल हे सांगणारं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ते आलं १९९७ मध्ये, कॅनडाच्या हॅमिल्टन शहरातून. रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवरचं मूल पळतं, जिने चढतं. चौथ्या आणि पाचव्या पायरीवरच्या मुलाला बहुतेक वेळ चाकंच लागतात. २००२ मध्ये त्यांनी ६५७ मुलांच्या वाढीचे आलेख छापले आणि त्यात एक कठोर गोष्ट दिसली. चौथ्या पायरीवरची मुलं हालचालीची त्यांची जी काही कमाल क्षमता असते तिच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी साडेतीन वर्षांच्या वयात पोचतात, आणि पाचव्या पायरीवरची तर पावणेतीनच्या आसपास. म्हणजे 'सात-आठ वर्षांचा होईपर्यंत थांबू, चालेल कदाचित' हा हिशोब या मुलांसाठी चुकलेला होता. वाट बघण्यात वर्षं जात होती आणि त्या वर्षांत मूल बसून होतं.

बसून राहिल्याने बिघडतं काय? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मांजरांकडून आलं.

१९६३. अमेरिकेत रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. पिल्लं अंधारात वाढवलेली. रोज काही तास त्यांना उजेडात आणायचं, पण एका यंत्राला जोडून. यंत्र कसं? तेलाचा घाणा डोळ्यांपुढे आणा. मधे खांब, आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला पिल्लू बैलासारखं जुंपलेलं, पाय जमिनीवर, मनाला येईल तसं चालणार. दुसऱ्या टोकाला छोट्या टोपल्यात दुसरं पिल्लू. पहिलं वळलं की टोपलं वळणार, पहिलं थांबलं की टोपलं थांबणार. भोवती पट्ट्यापट्ट्यांची तीच भिंत. दोघांच्या डोळ्यांना दिसणारं जग सारखंच. फरक एवढाच की एक चालत होतं आणि दुसऱ्याला फिरवलं जात होतं.

मग तपासलं. चालणारं पिल्लू खोल कड्याचा भास होणाऱ्या काचेपाशी थबकायचं, जमीन जवळ आली की पंजा पुढे काढायचं. टोपल्यातलं पिल्लू यातलं काहीच करेना. डोळे ठणठणीत, पण बघितलेल्याचा अर्थ लागत नव्हता. नंतर त्या पिल्लांना उजेडात मोकळं हिंडू दिलं, आणि दोन दिवसांत त्यांनाही पंजा पुढे टाकता येऊ लागला. ही शेवटची ओळ सांगताना लोक बऱ्याचदा गाळतात. मला तीच महत्त्वाची वाटते.

मांजरं म्हणजे मुलं नव्हेत, मान्य. पण पुढच्या वीस-तीस वर्षांत जोसेफ कँपोस, बेनेट बर्टेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या बाळांकडे असंच बघितलं. काचेखाली खोल कडा आहे असं भासणारं एक टेबल असतं. न रांगणारी बाळं त्यावर निवांत असतात, काही आठवडे रांगलेली बाळं घाबरतात. मग त्यांनी न रांगणाऱ्या, पण घरी चाकाच्या वॉकरमध्ये फिरलेल्या बाळांना तपासलं. त्यांच्याही हृदयाचे ठोके कड्यावर वाढले! म्हणजे रांगणंच पाहिजे असं नाही, स्वतःहून हलणं पाहिजे. मग ते हातापायांवर असो की चाकांवर. आपल्याकडे या चाकांच्या वस्तूचं जुनं नाव काय, आठवतंय? पांगुळगाडा. प्रत्येक धडधाकट बाळाला आपण पांगुळगाडा देत आलो आणि जे मूल खरंच पांगुळ, त्याला मात्र गाडा द्यायला घाबरलो.

ही भीती मोडायला कुणीतरी करून बघायला हवं होतं. ते केलं सिएटलच्या चार्लीन बटलर आणि सहकाऱ्यांनी, १९८३ पासून. त्यांनी बॅटरीची खुर्ची दिली ती दोन-तीन वर्षांच्या मुलांना. काहींना तर दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. तोपर्यंतची समजूत अशी की हे यंत्र शाळकरी वयाच्या आधी देऊच नये: धडकतील, पडतील, कळणार नाही. झालं असं की बहुतेक मुलं काही आठवड्यांत चालवायला शिकली. नंतर बटलर यांनी बघितलं की खुर्ची मिळाल्यावर मुलं स्वतःहून काय काय करतात. वस्तूंपाशी जाणं, माणसांपाशी जाणं, आणि हे मला फार आवडलं, माणसांपासून लांब जाणं. दोन वर्षांचं मूल दिवसातून पन्नास वेळा 'नको' म्हणून पळतं. ज्याला पळता येत नाही त्याचा नकार फक्त रडण्यात उरतो.

२००१ मध्ये इटलीतल्या एका गटाने ३ ते ८ वर्षांच्या, चारही हातपाय अधू असलेल्या मुलांना बॅटरीच्या खुर्च्या दिल्या. स्वावलंबन स्पष्ट वाढलं. बुद्ध्यांक वाढला नाही. पण मुलाला खुर्ची चालवता येईल की नाही, तेही बुद्ध्यांकावर ठरलं नाही. सुरुवातीला बरेच पालक नाखूश होते, मुलाला चालवताना बघितल्यावर त्यांचं मत बदललं. २०१२ मध्ये अमेरिकेत मारिया जोन्स आणि सहकाऱ्यांनी १४ ते ३० महिन्यांच्या २८ मुलांवर चिठ्ठी टाकून तुलना केली. अर्ध्या मुलांना बॅटरीची खुर्ची, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. वर्षभराने खुर्चीवाल्या मुलांनी हालचालीत आणि दुसऱ्याचं बोलणं समजण्यातही जास्त मजल मारलेली होती. २८ हा छोटा आकडा आहे, त्यावर किल्ला बांधू नये. पण 'खुर्ची दिली तर मूल आळशी होईल' या वाक्याला पुरावा द्यायची वेळ आता ते वाक्य म्हणणाऱ्यांवर होती.

आणि ज्या मुलांना बौद्धिक अडचणही खूप आहे त्यांचं काय? स्वीडनच्या लिस्बेट निल्सन या ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९९० च्या दशकात नेमकी तीच मुलं घेतली. तिचं म्हणणं, आधी शीक मग चालव, हा क्रमच उलटा करू. चालवता चालवता शिकू दे. मूल जॉयस्टिकवर हात टाकतं, खुर्ची हलते, मूल दचकतं. पुन्हा हात टाकतं. किती तरी दिवस नुसतं गोल गोल. मग भिंत. मग परत भिंत. कधीतरी त्याच्या लक्षात येतं की हे मी करतोय. काही मुलं त्यापुढे जाऊन दारातून नीट बाहेर पडायला शिकली, काही गोल फिरण्यावरच थांबली. निल्सन यांच्या लेखी तेही शिकणंच.

आता घराकडे. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती आणि इथे तिच्यासाठी शाळाच नव्हती. त्या लढ्यामुळे, आणि नंतर १९९९ आणि २०१६ च्या कायद्यांमुळे, या आजाराचं नाव तरी सरकारी कागदावर स्वतंत्र आलं. पण स्वतः हलण्याचं काय? केंद्र सरकारची अपंगांना साधनं देणारी 'एडिप' योजना १९८१ पासून आहे. तिच्या २०१४ च्या सुधारित नियमांत मोटरवरची तीनचाकी आणि मोटरवरची व्हीलचेअर आली, सेरेब्रल पाल्सीचा उल्लेखही आला. वयाची अट: १६ वर्षं पूर्ण. त्याच्या आतल्या मुलाला शिबिरात साधी व्हीलचेअर मिळते. मागे दोन मुठी असलेली.

पाचव्या पायरीवरच्या मुलाचं पावणेतीन वर्षांचं वय आठवा आणि १६ मधून वजा करा.

नियम करणारे दुष्ट नव्हते. मोटर म्हटलं की रस्ता, लायसन्स, अपघात असं डोळ्यांपुढे येतं. पण मुलाची पहिली गाडी रस्त्यावर जात नाही, ती हॉलमधून स्वयंपाकघरात जाते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी हे ओळखून खेळण्यातल्या बॅटरीच्या मोटारी घेतल्या. आपल्याकडे मॉलमध्ये, बागेत भाड्याने मिळतात ना, लाल-पिवळ्या जीप, तशाच. पायाचा पेडल काढून स्टिअरिंगवर मोठं बटण, सीटला पाइप आणि फोमचा आधार. बटण दाबलं की गाडी चालू, सोडलं की बंद. ही व्हीलचेअर नव्हे, तिची जागा घेणारही नाही, आणि बाजूला मोठं माणूस लागतंच. पण याची किंमत व्हीलचेअरच्या मानाने फारच थोडी, आणि हे बदल करायला वायरिंग कळणारा एखादा कॉलेजचा पोरगा पुरतो.

तुमच्या सोसायटीत, नात्यात असं मूल असेल आणि त्याला खुर्ची घ्यायची चर्चा चालू असेल, तर तिथे जरूर विचारा: याची बोटं चाकाच्या कडीपर्यंत पोचतायत का? पोचली तर याच्याने कडी लोटली जाते का? आणि नसेल जात, तर जॉयस्टिक किंवा बटणावर याला कुणी एकदा तरी बसवून बघितलंय का? थेरपिस्टला हे प्रश्न नवीन नाहीत, फक्त विचारणारं कुणी लागतं.

पुढच्या शुक्रवारी भेटू.